कोपऱ्यातल्या फळ्या

॥ श्री ॥
माण, ता. ९-११-५८

चि. जयसिंग यास सारजाआक्काचा आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळी ठीक आहेत, तुम्हा दोघांची खुशाली कळवीत जा. एवढं रीत म्हणून लिहिलं. आता मनातलं लिहिते.

काल आपला कुशाबा मामा कोळवणहून इकडे आला. जेवता जेवता तुझ्या घराचं कौतुक सांगत होता. म्हणाला, जयसिंगानं दोन खणांच्या घरात दुकान थाटल्यासारखं केलंय, हात लांबवावा तिथे फळी. मी विचारलं, कुठल्या भिंतीला. तर म्हणाला, चुलीमागच्या कोपऱ्याला, खालपासून थेट आढ्यापर्यंत. आणि वर तुळईला पाळण्याची कडी आहे, तिला शिंकी टांगलीत, कांद्यांची. मामा हसत होता. मी ताट बाजूला सारलं.

जयसिंगा, गौरीला मी माहेरपणाला आले तेव्हा तुला काय सांगितलं होतं? पाचवा लागला म्हणून तोंड उघडलं आणि तुम्हा दोघांच्या देखत म्हटलं की यंदा बाळंतपणाला कोळवणला येणार, आईच्या कोपऱ्यात. तू मान हलवलीस. रंभाही हो म्हणाली. त्याला दोन महिने झाले नाहीत तर तिथे चटणीच्या बरण्या बसल्या.

पहिल्या खेपेला आई नुकतीच गेली होती, माहेरी करायला कोण म्हणून मी इथेच राहिले. सासूबाईंनी गोठ्यालगतच्या पडवीत बाज टाकून दिली. एक बाजू उघडी, तिला तरटाचा आडोसा. श्रावणातलं वारं सरळ अंगावर यायचं. आठव्या दिवशी पोर गेली. यंदाही सासूबाई म्हणतात, पडवी आहे की. मी त्यांना तोंड वर करून सांगितलं की माझं माहेर अजून आहे, तिथे चार भिंतींचा ऊबदार कोपरा आहे, तू आणि मी दोघं तिथेच जन्मलो, आणि आपल्याला जिनं हातात घेतलं ती साळूबाई सुईण अजून धड आहे. आता त्यांना काय सांगू? माझ्या जागेवर हरभऱ्याची डाळ ठेवलीय म्हणून सांगू?

आठव्यात गाडीत बसत नाहीत, म्हणजे नववा लागला की पौषात मी येणार. तोवर ती भिंत मोकळी झाली पाहिजे. कणगी पडवीत ने, गोधड्या दांडीवर टाक, इरली माळ्यावर सार. एवढं सामान आईच्या वेळीही होतं, तिला कधी फळ्या लागल्या नाहीत.

रंभाला आशीर्वाद सांग. लोभ असू दे असं आज हातून लिहवत नाही.

सारजा


॥ श्री ॥
कोळवण, ता. १७-११-५८

ती. सौ. आक्काचे चरणी जयसिंगचा कृ. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. वाचताना कान तापले. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांगावा.

रागावण्याआधी घराची स्थिती ऐकून घे. यंदा भात बरं आलं. दोन कणग्या वाढल्या, पाय ठेवायला जागा उरली नाही. उतरंडीतलं तळचं मडकं काढायचं तर वरची पाच उतरवायची, आणि तेवढ्यात एक तरी फुटायचं. आता सात फळ्या आहेत, जांभळीच्या, मी स्वतः तासून बसवल्यात. सगळ्यांत खालची जमिनीपासून दोन हातांवर, म्हणजे तिच्या पोटात कणगी बसते. तिच्यावर पितळी, मग डाळी, मग मीठमसाला, असं जे रोज लागतं ते हाताच्या उंचीला आणि जे सणाला लागतं ते वर. वरच्या फळ्यांना पुढून काठ मारलाय, बरणी घसरत नाही. कडेला ओळीनं खिळे मारून पळी, उलथनं, झारा टांगला. आईचा अडकित्ता दोन वर्षं सापडत नव्हता, तो सापडला. गावातली चार माणसं बघून गेली आणि आपापल्या घरी फळ्या तासायला लागली.

तुझ्या बाळंतपणाचं म्हणशील तर मी आपली पडवी बंद करून देतो. कुडाची तट्टी उभी करतो, तिला शेणामातीचं जाड लिंपण देतो. दार लावतो. साळूबाई येऊन बघून गेली, चालेल म्हणाली.

कोपऱ्याबद्दल मात्र सध्या हट्ट धरू नकोस. का, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आणि रंभाला त्याबद्दल काही विचारू नकोस, एवढं माझं ऐक. तू मोठी आहेस, समजून घेशील.

कळावे, तुझ्या मायेची रास तशीच भरलेली राहो.

तुझा धाकटा भाऊ,
जयसिंग


॥ श्री ॥
माण, ता. २८-११-५८

चि. जयसिंग यास आशीर्वाद. पत्र मिळालं, दोनदा वाचलं.

पडवी. तूही पडवीच. सासूबाईंनी म्हटलं तर मी म्हणते, त्या परक्या पडल्या. माझा सख्खा भाऊ सात फळ्यांची उंची वितीहातात मोजून मला लिहितो आणि खाली सांगतो की आक्का, तू बाहेर नीज. तुझ्या कणगीला घरात जागा, तुझ्या झाऱ्याला खिळा, आणि मला कुडाची तट्टी. लिंपण ओलं असलं की रात्रंदिवस गारठा सुटतो, हे तुला कुणी सांगितलं नाही? माघात ओल्या भिंतीशी तान्हं पोर ठेवू?

पत्रात लिहिण्यासारखं नाही म्हणतोस. मला कळतं ते. रंभाच्या माहेरची भांडी मांडायला भिंत हवी होती, दुसरं काय. चकचकीत ओळ लागली म्हणजे आल्यागेल्याला दिसते. तिनं म्हटलं आणि तू करवत घेतलीस. आपल्या आईचा कोपरा मोडताना तुझं काही तुटलं नाही?

तिला तरी त्या कोपऱ्याचं काय पडलंय. लग्नाला सहा वर्षं होतील, तिला कधी त्याची गरज लागली नाही. जिला लागते तिनं बाहेर पडवीत झोपायचं, असा हा न्याय.

माझा हट्ट म्हण, काही म्हण. मी पौषात येते. गाडीतून उतरेन ती सरळ चुलीमागे जाईन आणि बरण्या एकेक करून अंगणात आणून ठेवीन. तुला थांबवायचं असेल तर दारात उभा राहा.

लोभ कुठल्या फळीवर ठेवलास ते तूच बघ.

सारजा


॥ श्री ॥
कोळवण, ता. ६-१२-५८

ती. सौ. वन्संस्नी रंभाचा नमस्कार. इनंती इशेष.

धनी बैलाच्या खरेदीला गेल्यात, चार दिस यायचं न्हाईत. टपालवाल्यानं तुमचं पत्र माज्या हातात दिलं. मी फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये ह्ये मला कळतं, पन त्यात माजं नाव हाय आसं वाटलं, आन् निघालं बी तसंच. चौथीपत्तूर शिकले हाय, अक्षर लावून लावून समदं वाचलं. येक वळ चार डाव वाचली. तिला कधी गरज लागली न्हाई, ती.

वन्सं, गरज दोनदा लागली.

पैल्यानं राह्यलं ते तिसऱ्यात गेलं. दुसरं यंदाच्या सरावनात गेलं, पाचवा लागायला पंधरा दिस कमी हुते. पाचवा लागंपत्तूर कुनाला सांगायचं न्हाई, दिष्ट लागती, ही तुमच्याच घरची रीत. तुमच्या आईनं मला पैल्याच वर्साला बजावली. तवा सांगितलं न्हाई. मग गेल्यावर तरी कसं सांगायचं? जे हाय म्हनूनच सांगितलं न्हाई ते गेलं म्हनून सांगायला तोंड कुटं असतंय. साळूबाईला ठावं, तुमच्या भावाला ठावं, आन् त्या कोपऱ्याला ठावं. दोनी डाव मी आपल्या हातानं त्यो सारवला हुता, भिंतीला पांढरी माती दिली हुती. कडीला तेल घातलं हुतं, वाजू नये म्हनून.

गौरीला तुमी आला तवा मला उठून बारा दिस झालं हुतं. पाय लटपटत हुतं. तुमाला पुरनाची पोळी मीच वाढली. तुमी हसत हसत सांगितलं की पाचवा लागला. मी बोटं मोजली. आपल्या दोगींचं येकाच सुमाराला आलं असतं, फार तर पंधरा दिसांचं अंतर. तुमी कोपरा मागितला, मी व्हय म्हनले. दुसरं काय म्हनायचं हुतं मी? तुमी गेल्यावर रोज भाकरी थापताना समोर त्यो रिकामा, सारवलेला कोपरा. भाकरी करपायच्या. मग मीच धन्यास्नी म्हनले, हितं फळ्या मारा, खालपासनं वरपत्तूर, येक वीत बी जागा उगडी दिसाया नको. त्येंनी काय इचारलं न्हाई. तीन दिसांत मारल्या. कडीला शिंकी मी टांगली, रिकामी कडी बघवंना म्हनून. तुमी यायच्या येळंला काढू आसं मनाशी म्हनले हुते. पन भरलेली भिंत बघून झोप लागाया लागली, आन् काढायला हात उठंना.

माहेरची भांडी मांडायची हौस म्हनता. माज्या माहेरनं आलेली भांडी अकरा, त्यातली चार फुटकी. यवा आन् मोजा.

तुमच्या भावाचा मला तुमच्याहून ज्यास्ती राग हाय. तुमच्या पोरीला गोठ्यालगत वारं लागून मरान आलं, ह्ये मला आज तुमच्या पत्रांतनं कळलं. हुडकून पैलं पत्र बी वाचलं. मला त्या वक्ताला यवढंच सांगितलं की पोर ऱ्हायली न्हाई. मी समजले, जल्मतःच आजारी आसंल. तुमचं मला सांगितलं न्हाई, माजं तुमाला सांगितलं न्हाई, आन् मदी तुमचा भाऊ फळ्यांना काठ मारीत बसला.

मला लई राग आलाय. राग आल्यावर मी कमी बोलते, म्हनून लिवलं. लोभाचं पुढं बघू.

रंभा


॥ श्री ॥
माण, ता. १५-१२-५८

चि. सौ. रंभास सारजाचा आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा मी उखळाशी होते. तिथेच बसून वाचलं. उठायला सासूबाईंनी हात दिला.

मी जे लिहून गेले ते आता खोडता येत नाही. माझी जीभ आईसारखी आहे असं सगळे म्हणतात, पण आईनं असं कधी कुणाला लिहिलं नसतं. पोर गेल्यावर लोकांनी मला काय काय ऐकवलं ते मी ऐकलंय, आणि तरी तेच तुला ऐकवलं. मला माझीच चीड आली आहे. त्या दिवशी तू वाढलेली पोळी मी दुसरीही मागून घेतली होती, तेही आठवलं. तुझ्या तोंडाकडे मी एकदाही पाहिलं नाही.

जयसिंगाला वेगळं पत्र लिहीत नाही, हेच त्याला वाचून दाखव. बाबा रे, पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं, तर बैलगाडीला एक दिवस लागतो. येऊन सांगायचं होतंस. बैलाच्या खरेदीला चार दिवस मिळतात तुला.

कोपरा तुझा आहे. फळ्या राहू देत, कांदे राहू देत. मी यंदा इथेच राहते. पडवीच्या उघड्या बाजूला दोन पदरी तरट लावायला सांगितलं आहे, आत शेगडी ठेवीन. साळूबाईला मात्र विचार, आठ दिवस इकडे येईल का.

तुझ्याकडे लोभ मागायची माझी योग्यता नाही.

सारजा


॥ श्री ॥
कोळवण, ता. २४-१२-५८

ती. सौ. वन्संस्नी नमस्कार. तुमच्या ह्या पत्राचा मला पैल्या पत्राहून ज्यास्ती राग आला.

पडवीत निजायची भाषा पुन्यांदा करू नका. दोन पदरी तरट म्हनं. तरटातनं वारं यायचं थांबत आसतं तर येक पदरानं बी थांबलं आसतं. तुमची पोर गेली, माजी दोन गेली, आता आनि कुनी जायाचं न्हाई. मी भावजय हाय तुमची, ह्या घरात माजी सत्ता हाय, आन् मी सांगते की तुमी हितं यायचं.

परवा सकाळी भिंत मोकळी केली. धनी मदत करू का म्हनाले, त्येंना अंगनात बसवलं. येकेक बरनी मीच उतरवली. रडले का म्हनून इचारू नका. सहा फळ्या काढून पडवीत रचून ठेवल्यात. सातवी, छातीच्या उंचीची, तेवढी ठेवली, तुमच्या उशाशी दिवा आन् तेलाची वाटी ऱ्हायाला. त्येच्याखाली बाज बरोबर बसती, मी टाकून बगितली.

सामानाचं म्हनाल तर ऐका, म्हंजी आल्यावर हितं काय आन् तितं काय करीत बसायला नको. कनगी दोनी पुढच्या खनात उभ्या. डाळीची मडकी बाजंखाली, खाली चार इटा घालून, म्हंजी वलीला धरायची न्हाईत. सनावाराचं पितळ पोत्यात घालून माळ्यावर. पळी, उलथनं दाराच्या मागं, दाराला खिळं मारून. दार लावलं की दिसत्यात, उगडलं की भिंतीत जात्यात. तुमच्या भावाच्या डोक्यात इतकी वर्सं दाराची मागली बाजू आली न्हवती. आन् कांदे काढले. कडीला तेल घातलं.

नववा लागला की गाडी धाडते. गाडीत भाताचं काड दाट घाला, रस्ता खडीचा हाय. साळूबाई म्हनती, सारजीला सांग, आईसारखी आरडू नको म्हनावं.

मायेचा तुटवडा हितं न्हाई, जागेचा हाय. त्यो मी बघते.

रंभा


॥ श्री ॥
माण, ता. १०-५-५९

चि. सौ. रंभास अनेक आशीर्वाद. आम्ही सुखरूप पोचलो. गोजरी वाटभर झोपली. आता तीन महिन्यांची झाली, मूठ तोंडात कोंबते आणि ती निघत नाही म्हणून चिडते. आईचं नाव ठेवलं आहे, चिडणारच. तुमच्या दाजींच्या मांडीवर गप्प असते, सासूबाईंच्या मांडीवर भोकाड पसरते, आणि मी मनातल्या मनात शाबास म्हणते.

तीन महिने तू मला उन्हातून पाणी उचलू दिलं नाहीस. शेक तू दिलास, पोर तू न्हाऊ घातलीस, पाचवीला पाटावरवंटा तूच पुजलास. त्या रात्री तू कडीखाली उभी होतीस आणि मी बाजेवरून पाहत होते, तुला वाटलं मी झोपले आहे. त्याबद्दल तोंडानं काही बोलायला गेले तर तू मडकी घासायला निघून जायचीस, म्हणून पत्रात लिहिते.

आता एक चोरी कबूल करते. पडवीत रचलेल्या त्या सहा फळ्या तुम्हाला सापडत नसतील. त्या इथे आहेत. निघताना तू देवापुढे माझी ओटी भरायची तयारी करीत होतीस तेव्हा मी दाजींना सांगितलं की जयसिंगानं दिल्यात, आणि काडाखाली गाडीच्या तळाला घातल्या. त्यांच्यावर गोधडी टाकून मी आणि गोजरी बसून आलो. दाजींना अजून खरं माहीत नाही.

जाताना तू म्हणालीस ना, की आता तुम्ही गेलात की भिंत परत भरून टाकते. म्हणालीस आणि त्याच भिंतीकडे पाठ करून उभी राहिलीस. मला राग आला. तीन महिने माझ्या पोरीला तिथे सांभाळलंस आणि स्वतःसाठी एवढीही जागा ठेवायची नाही? मग भर कशानं भरतेस ते. फळ्याच नाहीत.

आणि त्या वाया गेल्या असं समजू नकोस. गोठ्यालगतच्या पडवीची उघडी बाजू होती ना, तिला सहाही उभ्या मारून घेतल्या. अगदी मापात बसल्या. काल भर दुपारी वारं सुटलं होतं, मी मुद्दाम दिवा लावून आत जाऊन बसले. दिवा हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, हे आधीच करायला हवं होतं. मी बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवलं.

जयसिंगाला सांग, नवीन फळ्या तासल्यास तर त्याही घेऊन जाईन. राग धर, पण पत्र धाड.

तुझी,
सारजा


॥ श्री ॥
कोळवण, ता. २१-७-५९

ती. सौ. वन्संस्नी रंभाचा नमस्कार. गोजरीला मुका.

तुमाला चोर म्हनायचं की काय म्हनायचं, ह्येचा इचार दोन म्हैने केला. म्हनून पत्राला उशीर. माजी समदी मडकी पुन्यांदा जमिनीवर आली. उतरंडीचं तळचं काढायला वरची पाच काढावी लागत्यात, परवा येक फुटलं, त्यात मेथी हुती, तुमाला शिव्या देत येचली. गाव बघाया यायचं ते यायचं बंद झालं. धनी दोन डाव करवत घेऊन बसले, म्हनाले, आक्काला काय कळतंय, मी दुसऱ्या फळ्या करून देतो. दोनी डाव मी करवत काढून घेतली.

ती येक फळी तेवढी हाय भिंतीला, तुमच्या दिव्याची. तिच्यावर काय ठेवत न्हाई. गोजरीचं येक टोपडं हितं ऱ्हायलंय, ते हाय.

आता येक सांगते. रीत मोडून सांगते. मला दुसरा म्हैना हाय. पाचवा लागंपत्तूर गप ऱ्हायाचं असतंय, मला ठावं हाय. दोनदा गप ऱ्हाऊन बगितलं. गप राहून काय वाचलं न्हाई, नुसतं येकटीनं झालं. दिष्ट लागायची तर लागू द्या. कोपरा काल सारवला.

राह्यलं तर गोजरीला घेऊन बारशाला या. गेलं तर तवाबी या, त्याच दिवशी गाडी जुपा. कसं बी झालं तरी फळ्या तेवढ्या आनू नका.

तुमची,
रंभा